सतरा नंबरचा फॉर्म आणि माझी वहिनी

अभ्यास न करता पास होणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातले दोघे आज माझे साहेब आहेत. पण जीव तोडून अभ्यास करावा आणि तितक्याच नेमानं नापास व्हावं, हे व्रत निभावणारं माणूस अख्ख्या नागपुरात एकच, आणि ते नेमकं माझ्या घरात निघालं. माझी मोठी वहिनी. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसली. हौस म्हणून नव्हे. माझा मोठा भाऊ कन्हानच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, बरणीतल्या बेडकांवरची धूळ झटकायची आणि कोणी ॲसिड सांडलं की आधी पोरांना आणि मग मास्तरांना धीर द्यायचा, हे त्याचं काम. एका ऑगस्टमध्ये, रविवारी सकाळी दाढी करता करता तो गेला. बुद्धविहारात त्याच्या पुण्यानुमोदनाला शाळेच्या संस्थेचे सचिव आले होते. ते सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "वहिनींनी फक्त दहावी करावी. दोन वर्षं ही जागा आम्ही कोणाले देत नाही." वहिनी तोंडाला पदर लावून रडत होती. ती थांबली, डोळे पुसले आणि मला हळूच विचारलं, "भाऊजी, आता दहावीले किती विषय असते?"

मुलगी सावनेरला दिलेली, नवरा गेलेला, आणि आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती एकटी उरलेली. मी म्हटलं, "वहिनी, कायले एवढा ताण घेता? आमी आहो ना." ती म्हणाली, "तुमी आहा, मालूम आहे मले. पण जन्मभर कोणाच्या ताटात हात घालाचा नाही मले." ताट माझंच होतं, तरी मला राग आला नाही. दादाच्या जागेवर, दादाच्याच टेबलाशी तिला उभं राहायचं होतं आणि त्याला दोन वर्षांची मुदत होती, एवढं मला समजत होतं.

वहिनीच्या अभ्यासाचे काही नियम होते आणि ते सगळेच्या सगळे चुकीचे होते. पहिला नियम, बसायचं नाही. "बसून वाचलं का डोळे लागते, भाऊजी." बाईमाणसानं कामाशिवाय बसणं म्हणजे पाप, अशी तिच्या आईची शिकवण, पुस्तक हातात असलं तरी बसणं ते बसणंच. म्हणून तिनं पुस्तकांची पानं सुटी केली आणि अंगणातल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. एका हातानं साडी वाळत घालायची आणि तिच्या शेजारचं पान वाचायचं. ऑक्टोबरातल्या वाऱ्यानं एकदा विज्ञानातला धातूंचा धडा उडवून नेला. आम्ही गल्लीभर शोधला. तिसऱ्या घराच्या कूलरच्या गवताच्या ताटीत अर्धं पान ओलं होऊन सापडलं. "जाऊ द्या, तो धडा ऑप्शनले," ती म्हणाली. पुढे विज्ञानाच्या पेपरात पहिलाच प्रश्न धातूंवर आला, हे सांगायला नको.

दुसरा नियम, मोठ्यानं म्हणायचं. नुसतं उत्तर नाही, तर "प्रश्न दुसरा, अ, खालीलपैकी कोणतेही दोन" इथपासून. दहावीच्या भूगोलात भारताबरोबर ब्राझील आहे, आणि तो ब्राझील तिनं असा काही मनावर घेतला की आमच्या गल्लीत जन्मलेली तान्ही पोरंसुद्धा बोलायला लागली तर आधी ॲमेझॉन म्हणतील अशी मला भीती वाटायची. भाजीवाला एकदा म्हणाला, की पाऊस नाही म्हणून टमाटर महाग झालं. वहिनीनं त्याला ब्राझीलच्या धड्यातूनच गंभीरपणे विचारलं, "काहून गा, तुमचा मळा अवर्षण चतुष्कोनात आहे का?" त्या दिवसापासून तो तिला 'मॅडम' म्हणायला लागला आणि वजनात काटा मारायचा बंद झाला. शिक्षणाचा तिला झालेला हा पहिला फायदा, आणि बरेच दिवस तोच एक होता.

राहिलं गणित. ते माझ्याकडे आलं, कारण मी सदर भागातल्या एका ऑफिसात प्लॉटांचे नकाशे काढतो आणि ज्याच्या हातात कंपास त्याला गणित येतं, अशी आमच्या घरात समजूत आहे. दर रविवारी सकाळी मी शिकवायला बसायचो, ती उभी राहायची. महिनाभरात तिनं गाइडातली सोडवलेली सगळी गणितं एकही काना-मात्रा न चुकता वहीत उतरवून दाखवली. मी थक्क झालो. बायकोला म्हटलं, "वहिनी सत्तरच्या खाली येत नाही." वहिनी तेवढं गाइड पाठ करून आली आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. आता विचार केला की वाटतं, आलंही असेल. पण रविवार लवकर संपावा म्हणून मी ते येऊ दिलं नसेल.

मार्चमध्ये गणिताच्या पेपराहून ती हसत आली. मी विचारलं, "कसा गेला?" म्हणाली, "चांगला गेला. पण पेपरात आकडे लई चुकीचे छापले होते बाप्पा! मी सगळे दुरुस्त करून देल्ले." मला काही कळेना. तिनं समजावून सांगितलं. बापाचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट, असं गाइडात होतं. पेपरात चुकून चौपट झालं होतं. मग तिनं उत्तरपत्रिकेत स्वच्छ अक्षरात लिहिलं, "आदरणीय परीक्षक महोदय, या गणितात छपाईची चूक झाली आहे. बरोबर आकडे पुढीलप्रमाणे." आणि गाइडातलं गणित जसंच्या तसं सोडवलं. असं एकदा नाही, सात वेळा. सातव्या वेळी तिनं परीक्षकांना एक मायेची सूचनाही केली होती, "पुढच्या वर्षी छापण्याआधी कोणाला तरी वाचायला द्यावे." आम्ही पोट धरून हसलो. निकाल लागला तेव्हा बाकी सगळ्या विषयांत ती पास होती, ब्राझीलच्या जोरावर भूगोलात तर चांगलीच, आणि गणितात एकोणीस. मग कोणी हसलं नाही.

जुलैच्या परीक्षेसाठी तिनं दुसरं गाइड आणलं आणि तेही पाठ केलं. तिचं म्हणणं सरळ होतं, की एका गाइडात एकोणीस, तर दोन गाइडांत अडतीस. मिळाले चोवीस. दादाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या रविवारी माझा तोल गेला. मी वही जमिनीवर आपटली आणि ओरडलो, "वहिनी, तुमच्या डोक्यात शिरत काहून नाही? आज दादा असता तर…" ती पहिल्यांदाच खाली बसली. वही उचलून तिनं पदरानं पुसली. "तुमच्या दादानं मले वीस वर्षांत एक बेरीज करू देल्ली नाही, भाऊजी," ती म्हणाली. "दुकानात गेली तर चिठ्ठी लिहून दे. बसनं गेली तर मोजून सुट्टे दे. 'तुले नाही जमत वं, मी करतो.' मायेनंच म्हणे बिचारा. मले वाटे, आकडे म्हणजे दुसऱ्याचं सामान आहे, आपण हात लावाचा नाही." ती रडली नाही. मलाच रडू आलं आणि त्याहून वाईट म्हणजे दादाचा राग आला. गेलेल्या भावाचा राग येणं फार वाईट असतं. भांडायला माणूसच नसतो.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गाइडं उचलून नेली. तिनं ती अशी हातात दिली, जणू पोरीला सासरी धाडत असावी. मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. रोज एकच गणित, पण त्यातले आकडे तिनं स्वतः घालायचे, म्हणजे उत्तर कुठंच छापलेलं नसेल. आणि बसायचं. बसण्यावर मोठी तकरार झाली. शेवटी तोड निघाली, की कुकर चढवला की बसायचं, कारण डाळ शिजते आहे म्हणजे काम चालूच आहे. चार शिट्ट्या होईपर्यंत गणित. चुकलेलं पान फाडायचं नाही, त्याची वेगळी वही, आणि रविवारी फक्त त्या वहीतलीच गणितं. पहिला महिनाभर त्या वहीशिवाय दुसरी वही लागलीच नाही. कुकर मात्र दोनदा करपला, कारण गणितात गुंतली की तिला शिट्ट्या ऐकू येईनात. मी डाळीचा वास घेऊन तिची प्रगती ओळखायला लागलो.

डिसेंबरात एका सकाळी ती दारात आली. हातात वही, हाताला कणीक. "भाऊजी, पाहा ना जरा. हे उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. माझं माझंच आलं." मी तपासलं. बरोबर होतं. मी 'बरोबर' म्हटल्यावर ती वही छातीशी धरून तशीच परत गेली आणि वहीला कणीक लागली. त्यानंतर मात्र तिनं कोणाला सोडलं नाही. बसमध्ये कंडक्टरला सरासरी वेग सांगायची. संभाव्यतेचा धडा झाल्यावर शेजारच्या लग्नात नवरीच्या आईला म्हणाली, की वरात वेळेवर येण्याची संभाव्यता शून्य आहे. नवरीच्या आईनं पंधरा दिवस अबोला धरला. वरात दोन तास उशिरा आली होती.

मार्चमध्ये ती पुन्हा पेपराला बसली आणि मे महिन्यात निकाल लागला. गणितात अठ्ठावन्न. तिनं मोबाइलवर तो आकडा तीनदा पाहिला आणि मला विचारलं, "हे छपाईची चूक तर नाही ना?" दुसऱ्या दिवशी निकालाची प्रत घेऊन आम्ही माझ्या स्कूटरवर कन्हानला गेलो. तिनं दादाला आवडायची ती मोरपंखी साडी नेसली होती. सचिवांनी अभिनंदन केलं आणि चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काय आहे ताई," ते म्हणाले, "दोन वर्षं वाट पाहिली आमी. शेवटी पोरायचं नुकसान होऊन राहिलं होतं. जागा भरा लागली."

वहिनीनं विचारलं, "कधी भरली, साहेब?"

"फेब्रुवारीत."

फेब्रुवारीत ती दिवसाला आठ-आठ गणितं सोडवत होती. तिनं बोटांवर मोजलं नाही, वर छताकडे पाहिलं नाही. सरळ त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "त्या ऑगस्टापासून या फेब्रुवारीपर्यंत अठरा महिने होते, साहेब. सहा बाकी होते." मग आवाज न चढवता, "आजही तीन बाकी आहे."

सचिव कपातली साखर ढवळत राहिले. शब्द दिला होता तो तोंडी, कागदावर काहीच नव्हतं. मी बोलायला हवं होतं. मी चहाच्या बशीकडे पाहत बसलो. वहिनी उठली, हात जोडले, निकालाची प्रत घडी घालून पिशवीत ठेवली आणि बाहेर आली. दादाच्या प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही.

आम्ही नदीवरचा पूल ओलांडला. मग तिनं मागून विचारलं, "भाऊजी, हिसोब बरोबर होता ना माझा?"

"एकदम बरोबर होता, वहिनी."

"पुरे मार्क?"

"पुरे."

माझ्या पाठीला तिचे हुंदके जाणवत होते आणि घर तर जवळ येत चाललं होतं. मी आमच्या गल्लीचं वळण सोडून दिलं, गाडी हळू केली आणि लांबच्या रस्त्यानं घेतली.