वीतभर खाली

कापल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमचा तापलेला, जिभेवर उतरणारा वास आला की मला शिरूरचे ते खिडक्या बनवणारे मामा आठवतात. माप घेताना ते आकडे ओवीसारखे गुणगुणत आणि दर सांगण्याआधी नेहमी पाणी मागत.

खुटबावचे शेत सोडून माझ्या फ्लॅटमध्ये आलेली आई अंथरुणाला खिळली होती. तिच्यासाठी मला भिंतीबाहेर काढलेली, आत कुंड्या मावतील अशी काचेची खिडकी हवी होती. पाणी पिऊन मामांनी पंचवीस हजार सांगितले. मग अचानक गुडघे टेकून त्यांनी आईच्या उशीशेजारी डोके ठेवले आणि एक डोळा मिटला.

“ताई, हितनं नुसतं आभाळ दिसतंय. कुंडीतली झाडं दिसायची तर खिडकीखालची भिंत वीतभर फोडावी लागंल. सात हजार वाढत्याल. माझी मजुरी सोडतो, पण गवंडी काय माझं ऐकायचा न्हाई.”

तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते.

मामांनी आईलाच विचारले, “मावशी, काय लावायचं खिडकीत?”

औषधालाही ‘कशाला’ म्हणणारी आई माझ्याकडे वळली आणि हलकेच म्हणाली, “मेथी.”