उजवा हात काढायचा कोणत्या हातानं?

मी जन्माची डावरी. चुडाव्याजवळच्या आमच्या गावात डावरी पोरगी म्हणजे घरादाराला घोर. जेवताना माझा डावा हात ताटाकडे गेला की आई हातातली पळीच हाणायची. "त्या हातानं खातंय का गं कुणी, भवाने?" पाटीवरची पेन्सिलही अशीच उजव्यात कोंबली. रडतरडत शिकले, अक्षर चांगलं झालं. चित्र मात्र उजव्यानं मेलेलंच यायचं. खरं चित्र मी परसातल्या भिंतीवर कोळशानं, डाव्या हातानं काढायची आणि कुणी बघायच्या आत पुसून टाकायची.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे आणि बंद चालू होते त्या दिवसांत मी परभणीला डी.एड. करत होते. रोज चुडाव्याहून रेल्वेनं जाणं-येणं. चित्रकलेच्या सरांनी सुरुवातीलाच माझ्या डाव्या हातातला खडू काढून उजव्यात दिला. "पोरं बाईचं बघून शिकतात. फळ्यावर डावा हात चालवलास तर सराव पाठात नापास करीन." नापास म्हणजे मास्तरीण व्हायचं संपलंच, घरी स्थळं यायलाच लागली होती. भीती तर वाटायचीच, पण त्याहून जास्त राग यायचा.

एके दिवशी सरांनी कागद वाटले. "आपलेच दोन्ही हात काढा. समोर ठेवून, बघून. मनातलं चालणार नाही."

सगळ्यांनी डावा हात बाकावर ठेवून उजव्यानं काढला. मीही काढला, सुबक आणि निर्जीव. मग उजव्याची पाळी आली आणि वर्गात चुळबुळ सुरू झाली. उजवा समोर ठेवला तर काढायचं कशानं? कुणी डाव्यात पेन्सिल धरली, तर बोटांच्या जागी भेंड्या यायला लागल्या. हुशार मंडळींनी गुपचूप डावाच परत काढला. दोन्ही अंगठे एकाच बाजूला! एका बहाद्दरानं तर चित्रातल्या दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधलं.

मी उजवा हात पुढे ठेवला आणि पेन्सिल डाव्यात घेतली. अहाहा! बांगड्या, पेरांवरच्या सुरकुत्या, विळ्यानं कापल्याचा जुना व्रण, सगळं भराभर उतरायला लागलं. इतका आनंद मला परसातही कधी झाला नव्हता.

"काय करायलीस? डाव्या हातानं?" सर मागे उभे होते.

माझी जीभ कुठली थांबतेय! "उजवा समोर ठेवलाय, सर. मग पेन्सिल काय पायात धरू?"

वर्ग खदाखदा हसला. मेले आता, असं वाटलं. सरांनी कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"पोरी, हा हात जित्ता हाय," ते म्हणाले.

"मग फळ्यावर कोणत्या हातानं लिहू, ते आत्ताच सांगा."

सर हसले. "लय तिखट हायस. ज्यानं येतंय, त्यानं लिही."

पुढच्याच आठवड्यात चौथीच्या वर्गावर माझा पाठ होता. सर शेवटच्या बाकावर बसले होते. मी डाव्या हातात खडू घेतला आणि फळ्यावर बगळा उभा केला. पोरं ओरडली, "बाई, अजून एक!" मी अजून एक काढला. फळ्याच्या कोपऱ्यात पाठ घेणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत होती. तेही मी डाव्याच हातानं लिहिलं, सगळ्यांदेखत, ऐटीत, हवं त्याहून मोठ्या अक्षरात.