गच्चीवरचं जहाज

आमच्या जहाजवाल्या सरांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नानंतर सहलीला गेले तेव्हा. सोबत ही असल्यामुळे नीट बघता आला नाही, असं ते वहिनींसमोरच सांगत. इंदुरातून कुठल्याही बाजूला निघालं तरी समुद्र लवकर येत नाही. अशा गावात बसून जहाज बनवण्यात त्यांना मात्र काही वावगं वाटत नसे.

शहराच्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमध्ये ते मेकॅनिक्स शिकवत, मी रसायन. त्यांचं जहाज मालगाडीसारखं होतं. मालाचे तरंगते डबे एकामागे एक जोडलेले, इंजिन शेवटच्या डब्यात. बंदर आलं की तिथला डबा सोडायचा, भरून ठेवलेला दुसरा जोडायचा आणि पुढे निघायचं. लाट आली तर जहाज सांध्यांत वाकणार, म्हणून अंगाने फार दणकट असण्याची गरज नाही. ही कल्पना जगात इतरांनाही सुचली आहे, असं मी एकदा खवचटपणे म्हणालो. ते खूश झाले. इंदुरी थाटात म्हणाले, “सुचणारच. आणि सगळे अडकलेत एकाच जागी. डबे कोणीही बनवेल भिया, खेळ सांध्याचा आहे.”

हा खेळ ‘जुनी इंदूर’ भागातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर, सिमेंटच्या हौदात चाले. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येई आणि त्यावर पहिला हक्क वहिनींचा. धुण्याच्या दिवशी बंदर बंद.

कोचिंगच्या वार्षिक समारंभाला एका जहाज कंपनीचे मोठे अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून येणार ठरलं, तेव्हा डायरेक्टरसाहेबांना सरांचं जहाज अचानक आवडू लागलं. अंगणात प्लॅस्टिकचा तलाव आला, त्याला झेंडूच्या माळा लागल्या. पाहुण्यांच्या कंपनीकडे लाटा उठवून जहाजं तपासायचा भलामोठा तलाव होता. त्यांना पसंत पडलं, तर सरांचा सांधा तिथे तपासला जाणार होता. सरांना आयुष्यात एवढंच हवं होतं. डायरेक्टरसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं, की सर, पानी बस शांत रखिए.

“शांत पाण्यात तर पाटसुद्धा तरंगतो, साहेब,” सर म्हणाले आणि लाटा मारायची फळी माझ्या हातात दिली.

स्वागतं, सत्कार, सत्काराला उत्तर हे सगळं झाल्यावर जहाज पाण्यात उतरलं. मी हलक्या लाटा मारल्या. चारही डबे गोमेसारखे वर-खाली होत पुढे गेले. टाळ्या पडल्या, पाहुणेही पुढे झुकले. डायरेक्टरसाहेब मला डोळ्यांनी थांबवत होते. मी सरांकडे पाहिलं.

“जोरात,” ते म्हणाले.

मी मारली. मधला सांधा तुटला. मागचे दोन डबे भरकटत जाऊन झेंडूत अडकले. सर विजारीसकट तलावात उतरले, तळ चाचपून तुटलेली पिन काढली आणि चेहरा उजळून पाहुण्यांपुढे धरली. “मला वाटत होतं वरची तुटेल. खालची तुटली.” पाहुण्यांनी सौजन्याने मान हलवली, फोटो काढून घेतला आणि ते जेवायला गेले. त्यांच्याकडून पुढे काही आलं नाही. इतक्या हार-तुऱ्यांच्या त्या कार्यक्रमात खरी गोष्ट एवढी एकच घडली, असं माझं मत आहे.

खालची पिन नव्याने बसवायला सरांना दोन वर्षं लागली. तोवर छातीचं दुखणं जडलं होतं. ते गच्चीवर खुर्चीत बसले आणि मी दम लागेपर्यंत फळी मारली. सांधा तुटला नाही. सर नाराज. “तुम्ही नीट मारत नाही आहात.” खालून वहिनींनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, टिकलं. त्या वर आल्या, हौदाच्या काठावर बसून बराच वेळ बघत राहिल्या.

सर गेल्यावर जहाज खाली न्यायला मी गेलो. जिना अरुंद, उभा, मध्ये सपाट चौक. सुटं करून नेऊ, असं मी म्हणालो.

“नको भाऊ,” वहिनी म्हणाल्या. “जोडलेलंच राहू द्या.”

पुढचं टोक मी धरलं, मागचं त्यांनी. उतार संपून चौक आला तसा एकेक डबा सांध्यातून वाकला, सपाट झाला आणि पुढच्या उताराला पुन्हा वाकला. कुठे घासलं नाही.