नाल्यातली भिंत

यवतमाळच्या बाहेर नवीन लेआउट पडलं तेव्हा मी तिथे प्लॉट घेऊन घर बांधलं. मागे नाला होता, वर्षातले दहा महिने कोरडा. कंपाउंड घालताना मी मुरूम टाकून भिंत सहा-सात फूट नाल्यात सरकवली. सगळेच सरकवत होते.

पलीकडच्या काठावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची. तिचं घर आमच्या आधीचं. भिंतीचं काम सुरू असताना, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ती मला म्हणाली, "सर, नाल्यात भिंत नोका घेऊ. पाणी आलं तं माया घरात शिरन."

मी हसलो. इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला पुराची भीती वाटते, असं काहीतरी बोललो. रांगेतले चार लोकही हसले. मी शाळेत भूगोल शिकवायचो, हे सांगायचीही लाज वाटते.

त्या जुलैत एका दुपारी तीन तास पाऊस कोसळला. नाला भरून आला, माझ्या भिंतीवर आदळला आणि पलीकडे वळला. मी गच्चीवरून ते पाहत होतो. धावत पुलावरून वळसा घालून पोचलो तोवर तिच्या घरात मांडीएवढं पाणी होतं. शिलाई मशीन आम्ही दोघांनी उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं. गिऱ्हाइकांचे कपडे, गव्हाची कोठी, सगळं गढूळ पाण्यात.

तिसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. पाणी इकडे कसं वळलं, असं त्यांनी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली असावी. मी खाली बघत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "पाऊसच लय होता, साहेब."

कागदावर कारण अतिवृष्टी असं लिहिलं गेलं. पंच म्हणून सही करायला शिकलेला माणूस हवा होता. ती सही मी केली.

पुढच्या रविवारी मिस्त्री बोलावून भिंत पाडायला घेतली. बायको म्हणाली, लोक काय म्हणतील. लोक काहीच म्हणाले नाहीत. शेजाऱ्यांच्या भिंती अजून तिथेच आहेत.

दुपारी ती बाई काठावर येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, चूक माझी होती, त्या दिवशी तलाठ्यांना सांगायला हवं होतं.

"हो, सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली आणि ओले कपडे वाळत घालायला परत गेली.