व्हय, पटलं

मुख्याध्यापकांचा फोन आला, "शालनबाई गेल्या." मी पोळ्या लाटत होते. पहिला विचार काय यावा? आता मी भांडू कुणाशी!... महिना होऊन गेला, तरी तो प्रश्न सुटलेला नाही. मेढ्याच्या शाळेत आमची टेबलं शेजारी शेजारी. मी मराठी शिकवते, ती गणित शिकवायची, आणि चहा सोडला तर आमचं कशावरच एकमत झालं नाही. मला तिची फार आठवण येते.

काही वर्षांपूर्वी तिनं मुलांना नीतिचर्चेच्या स्पर्धेत उतरवलं. मला वाटलं, वादविवादच असणार. पण इथे बाजू वाटून देत नाहीत. एक पेच देतात, दोन शाळा त्यावर बोलतात, आणि गुण मिळतात ते विचाराला आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याला. सरावात शालनचा एकच दंडक: "व्हय म्हनलं, की म्होरं 'पण' लावायचा न्हाई." आता आमच्याकडे "व्हय, पण" म्हणजे चक्क "नाही". त्यावाचून मुलांची जीभच उचलेना. मी पोट धरून हसायची.

अंतिम फेरी कराडच्याही पुढे, विश्रामबागेत झाली. पेच असा: मित्राच्या छातीत धावताना दुखतं, ते लपवून तो सैन्यभरतीला निघालाय, त्याच्या घरी सांगावं का? आमची दहावीतली रूपाली तावातावानं म्हणाली, "न्हाई सांगायचं. त्याचं सपान हाय, मोडणारं आपण कोण?" इस्लामपूरच्या मुलानं शांतपणे विचारलं, "आन् धावताना पडला, तर त्याच्या आईला काय सांगशील?" रूपाली म्हणाली, "व्हय, पटलं." आणि खाली बसली! मी कपाळावर हात मारला. त्या प्रश्नाला गुण जास्त पडले, ढाल इस्लामपूरला गेली. परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत मी धुसफुसत होते. शालन म्हणाली, "आगं, पटलं तर पटलं म्हनली. त्याच्यापायीच न्हेली न्हवं पोरं?"

दुसऱ्या दिवशी रूपाली रडत तिच्याकडे आली. "बाई, आमच्या सूरजदादाचं बी तसंच हाय. घरात फकस्त मलाच ठावं हाय." शालन तिच्यासोबत घरी गेली, आईवडिलांपुढे रूपाली बोलेपर्यंत शेजारी बसून राहिली. तपासणीत सूरजच्या हृदयाचं दुखणं निघालं. उपचार झाले, जीव वाचला, पण भरती कायमची हुकली. तो रूपाली आणि शालन, दोघींशीही बोलेनासा झाला.

शोकसभेला तो मागे उभा दिसला. आता गावातच दूध संकलन केंद्र चालवतो. मी विचारलं, "राग गेला का रं?"

"न्हाई, बाई." तो हसला, डोळे मात्र भरलेले. "दर दिवाळीला चिवडा घिऊन यायच्या. म्हनायच्या, राग ऱ्हाऊ दे रं, राग धरायला तू हायस न्हवं!... आता कोन येनार?"

"मी येते," मी म्हटलं.

शालनचा चिवडा नेहमी खारट व्हायचा. यंदा मीही मीठ जरा जास्तच घालणार आहे.