भाऊजी आम्हाला पोचवायला आले

आमच्या सासरच्यांना निरोप घेता येत नाही. कॅनडात, आमच्या व्हिटबीत, उणे वीस असतानासुद्धा पाहुणे ड्राइव्हवेत गाडीचं इंजिन चालू ठेवून गप्पा मारतात, आणि आमचे हे बर्फ उपसायचं शोव्हल हातात धरून नाक लाल होईपर्यंत उभे. आत या म्हटलं तर म्हणणार, "नको, निघतोच आता."

तर एका उन्हाळ्यात आम्ही युरोपला गेलो. आम्ही दोघं, आमची दहा वर्षांची लेक आणि पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. आधी म्युनिकला धाकट्या दिरांकडे, मग रेल्वेने बर्लिन, प्राग, व्हिएन्ना आणि विमानासाठी परत म्युनिक. प्लॅन सगळा माझा, त्यामुळे त्याचा तोराही माझाच. आईंना त्या बर्लिनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना धाकट्या लेकाजवळ निवांत बसायचं होतं, बस्स. आणि भाऊजी रजा न घेता फोन कानाला लावून या खोलीतून त्या खोलीत. आई लाडवाची बशी घेऊन त्यांच्या मागे. ते एका हाताने लाडू उचलायचे आणि दुसऱ्या हाताने 'थांब' अशी खूण करायचे. अस्सा राग यायचा मला!

निघायच्या दिवशी भाऊजी आणि जाऊबाई स्टेशनवर पोचवायला आले. आपल्याकडे पोचवणं म्हणजे डब्यात शिरून, बॅगा लावून, माणसांना जागेवर बसवून देणं. भाऊजींनी फोन जाऊबाईंच्या हातात दिला आणि ते आत चढले. माझी मोठी बॅग वर जाईना, म्हणून ते तिच्याशी झटत बसले. तेवढ्यात ह्यांना आठवलं, की जाऊबाईंना नीट 'येतो' म्हटलंच नाही. हे खाली उतरले आणि दारं मिटली. ना शिट्टी, ना धक्का. गाडी निघालीसुद्धा!

लेक काचेला नाक लावून ओरडली, "ममा! बाबा इज ऑन द राँग साइड!"

बाहेर ह्यांनी पुऱ्यांच्या डब्याची पिशवी उंच धरून हलवली. कशाला, देव जाणे.

"अहो वहिनी, मला दुपारी प्रेझेंटेशन आहे!" भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढचं स्टेशन न्यूरेंबर्ग, तासाभराने. मी ह्यांना फोन करून पुढच्या गाडीने न्यूरेंबर्गला यायला सांगितलं. मग माझ्याच फोनवरून भाऊजींनी ऑफिसला कळवलं, की मला चुकून ट्रेनने नेलंय. तिकीट तपासणारी बाई आली. कुठे चाललात, असं तिने विचारलं. भाऊजी म्हणाले, मी कुठेच चाललो नाहीये, मी ह्यांना पोचवायला आलोय. तिने त्यांचं न्यूरेंबर्गपर्यंतचं तिकीट फाडलं.

आई मात्र अशा खुलल्या होत्या! "बस रे आता. कुठे पळशील?"

भाऊजी बसले. दुसरं करणार काय बिचारे? थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आई, तुझे गुडघे कसे आहेत गं?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग दोघं जी सुरू झाली! इतकी खिदळली, की समोरच्या माणसाने कानात हेडफोन घातले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

न्यूरेंबर्गला उतरून आम्ही ह्यांची वाट बघत बसलो. हे आले, निम्म्या पुऱ्या संपवून. समोर म्युनिकची गाडी लागली होती. आता भाऊजींना पोचवायला हवं. त्यांच्याकडे साधी पिशवीसुद्धा नव्हती, तरी हे त्यांना बसवून द्यायला आत चढले. मागोमाग आई.

"अहो, उतरा आधी!" मी किंचाळले. लेक दारात पाय रोवून उभी. हे टुणकन उतरले. आई सीटवर बसलेल्या.

"आई, चला!"

"तुम्ही या फिरून. विमान म्युनिकहूनच आहे ना?" भाऊजींचा हात त्यांनी घट्ट धरला होता. मला वाटलं, आता भाऊजी ऑफिसचं कारण काढणार.

"वहिनी, आईची बॅग द्या लवकर!" भाऊजी ओरडले. "मी रजा टाकतो!"

ह्यांनी बॅग आत ढकलली, लेकीला मागे ओढलं आणि दारं मिटली. आम्ही तिघं हात हलवत राहिलो. आईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं भाऊजींशी बोलणं चालू होतं.