एकोणीसपर्यंत मोजणारी बाई

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात कोणी भुताचा विषय काढला की मी त्याला उभं करून प्रकाशाचं परावर्तन विचारते — असा माझा स्वभाव. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण इथे बरेच जण मोकळेपणाने लिहितात, तेव्हा धीर केला.

आम्ही गोंदियाला लागून फुलचूरला राहतो. मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. मिस्टर राइस मिलमध्ये ऑपरेटर आहेत. मागच्या हिवाळ्यात कामठ्याहून येताना एका टिप्परने त्यांच्या बाइकला उडवलं. उजव्या मांडीत रॉड, गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे. नागपूरला ऑपरेशन झालं आणि महिन्याभराने घरी आणलं. आठवड्यातून एकदा फिजिओ यायचे. पहिल्याच दिवशी जाताना मला अंगणात म्हणाले, "मॅडम, दीड महिन्यात गुडघा वाकला नाही तर पाय काठीसारखा राहील. रोज दोनदा एक्सरसाइज करून घ्या."

पण हे हात लावू देतील तर ना! "राहू दे. जागेवरच मेलो असतो त बरं झालं असतं," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मी साडेनऊला शाळेत जायची, पाच वाजता परत. सासूबाई दुपारी जेवून समोरच्या खोलीत लवंडायच्या.

तीन आठवड्यांनी फिजिओने गुडघ्याचा कोन मोजला आणि खूश झाले. "सत्तर डिग्री! मॅडम, छान मेहनत घेताय."

मी तर काहीच केलं नव्हतं.

ते गेल्यावर यांना विचारलं, तर म्हणाले, "बाई येते ना दुपारची. तूच त लावली."

"कोणती बाई?"

"काऊन, नाटक करून रायली का? पांढऱ्या केसाची, निळ्या लुगड्याची. हात असे कडक का जीव जाते. एकोणीसपर्यंत मोजते अन् सोडून देते. वीस म्हणतच नाही."

मी सरळ सासूबाईंकडे गेले. "आई, तुम्ही मालिशवाली लावली का?"

"मी कायले लावू? मले वाटलं तूनं लावली. त्याच्या पायाले टोरीच्या तेलाचा वास येते ना."

टोरी म्हणजे मोहाचं बी. ते तेल आमच्या घरात नाही. यांच्या पायाचा वास घेतला... होता. कडवट, उग्र.

मग माझं डोकं फिरलं. शेजारच्या वहिनी दिवसभर अंगणात असतात, त्यांना विचारलं. "कोनीच नाही आलं वो ताई." सासूबाई खोटं बोलताहेत का? की यांनीच माझ्यापासून लपवून कोणाला बोलावलं? नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मी त्याचा मोबाइल तपासतेय — हेही केलं मी. मिलचे लोक, फिजिओ आणि मी, एवढेच कॉल. लाज वाटली. पण संशय गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप घातलं, सासूबाईंना पुढच्या दारात तांदूळ निवडत बसवलं आणि यांच्या खोलीच्या उंबऱ्याआत खडूची पूड पसरली. संध्याकाळी आले तर पूड जशीच्या तशी. आणि यांचा पाय तेलाने चकाकत होता.

"आली होती?"

"आली ना. आज लय दुखवलं."

फिजिओला फोन करून विचारलं, गोळ्यांनी भास होतात का. म्हणाले, "होऊ शकतात. पण भासाने गुडघा वाकत नाही, मॅडम."

शेवटी एक दिवस रजा टाकली. यांना सांगितलं शाळेत जाते, आणि मागून येऊन स्वयंपाकघरात बसले. सासूबाईही सोबत. दीडच्या सुमारास यांचा आवाज आला — "हळू बाई... हळू..." दाराचा आवाज नाही, पावलांचा नाही. मी यांच्या खोलीच्या दाराचा पडदा सरकवला.

लख्ख ऊन होतं खोलीत. हे डोळे मिटून उताणे पडलेले, दोन्ही हातांनी पलंगाची पट्टी घट्ट धरलेली. उजवा पाय वीतभर अधांतरी, आणि गुडघा हळूहळू वाकत होता. स्वतःच वाकवत असतील, असंच मी आधी मनाशी म्हटलं. मग पोटरीकडे लक्ष गेलं. पोटरीच्या मांसात चार खड्डे पडले होते... बोटांनी दाबल्यावर पडतात तसे. ते खड्डे सरकत होते.

"कोण आहे?" मी किंचाळले.

पाय धाडकन गादीवर आदळला. हे वेदनेने ओरडले आणि डोळे उघडले. पण माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या बाजूला, दाराकडे पाहत म्हणाले, "बाई, जाऊ नका! अवं, ते बायको हाय माही!"

मला ना वारा लागला, ना स्पर्श झाला. फक्त टोरीच्या तेलाचा भपकारा अगदी जवळून गेला. मागे उभ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाय त मी बी पायला, माय." दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात नारळ ठेवला. मी अडवलं नाही.

त्यानंतर बाई आली नाही. गुडघा नव्वदवर अडकला. मग सकाळ-संध्याकाळ मीच व्यायाम घेतला. हे करू द्यायचे, पण बोलायचे नाहीत. मी वीसपर्यंत मोजायची. कशीबशी आणखी दहा डिग्री मिळाली.

आज हे चालतात, मिलमध्ये जातात. पण मांडी घालता येत नाही. लग्नात सगळे पंगतीत बसतात, तेव्हा हे ताट हातात घेऊन भिंतीला टेकून उभे राहतात. कोणी विचारलं तर सरळ सांगतात, "चांगली बाई लागली होती. अजून पंधरा दिवस आली असती त बसलो असतो खाली. हिनं हाकलली तिले."

लोक हसतात. त्यांना वाटतं, मालिशवालीशी माझं भांडण झालं असेल.

हाकललं तर खरं मी. पण कोणाला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.